विंडोजच्या संगणकांवर लिनक्स सर्व्हरमधील सिमलिंक नीट चालाव्यात यासाठी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा लिनक्स सर्व्हर मी गेली काही वर्षे सांभाळतो. वजनकाट्यावर एक, खरेदीच्या खिडकीवर दोन आणि हिशेबाच्या टेबलावर एक असे चार संगणक तेथे आहेत. ते चारही विंडोजचे आहेत आणि साम्बाच्या, म्हणजे लिनक्सवरच्या फाइल नेटवर्कवरून विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, मार्फत सर्व्हरवरची एकच सामायिक जागा झेड ड्राइव्ह म्हणून वापरतात. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की त्या ड्राइव्हवर दिवसभर काट्याच्या पावत्या, ओलाव्याच्या नोंदी, सातबाऱ्याच्या प्रती आणि चुकाऱ्याच्या याद्या पडत राहतात. त्यामागोमाग तूर आणि हरभरा येतो, आणि उन्हाळ्यापर्यंत डिस्क भरत आलेली असते.

अशा ठिकाणी सिमलिंकची, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणाऱ्या लिंकची, गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण असे की काट्यावरच्या माणसाला दरवर्षी नवा फोल्डर शोधायला लावणे योग्य नाही. त्याच्यासाठी ‘चालू-हंगाम’ या एकाच नावाचा फोल्डर कायम असावा आणि आतून तो ज्या त्या वर्षाच्या फोल्डरकडे नेणारा असावा. दुसरे कारण जागेचे आहे: जुन्या हंगामांचे कागद दुसऱ्या डिस्कवर हलवले तरी वापरणाऱ्याला ते पूर्वीच्याच ठिकाणी दिसले पाहिजेत. दोन्ही गोष्टी लिनक्सवर एका ओळीत होतात. त्या विंडोजच्या बाजूने बिनचूक चालाव्यात यासाठी मात्र काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात, आणि त्यांतल्या एक-दोन न समजल्यामुळे मी स्वतः नुकसान करून घेतले आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुढे आज्ञा आणि सेटिंगची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत टाइप करावीत. फोल्डरची नावे मात्र मराठीत तशीच ठेवता येतात, कारण लिनक्स, साम्बा आणि विंडोज तिघेही युनिकोड नावे सांभाळतात.

लिंक उलगडतो कोण

सिमलिंक ही युनिक्सच्या जगात १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून रुळलेली गोष्ट आहे. ती म्हणजे एक लहानशी नोंद असते, आणि त्या नोंदीत दुसऱ्या एखाद्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता अक्षरांत लिहिलेला असतो. विंडोजमध्ये तशीच सोय व्हिस्टापासून आली, पण ती वेगळ्या बांधणीची आहे आणि तिचे नियमही वेगळे आहेत. त्यामुळे लिनक्सवरची लिंक विंडोजला ‘समजावून’ द्यायची आहे असा अनेकांचा समज होतो आणि ते विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करत बसतात. खरे तर विंडोजला ही लिंक कधी दिसतच नाही. झेड ड्राइव्हवरचा फोल्डर उघडण्याची विनंती सर्व्हरवर येते, साम्बा तेथेच लिंकमधला पत्ता वाचतो, त्या पत्त्यावर जातो आणि तिथला मजकूर विंडोजपुढे साध्या फोल्डरच्या रूपात ठेवतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिर’ ही आज्ञा दिली तर त्या नावापुढे इतर फोल्डरप्रमाणेच डीआयआर एवढेच लिहून येते.

या एका वस्तुस्थितीतून पुढचे जवळजवळ सगळे निघते. लिंक उलगडण्याचे काम सर्व्हरचे आहे, म्हणून परवानगीही सर्व्हरवरच द्यायची असते. आणि समोर लिंक आहे हे विंडोजला ठाऊक नसल्यामुळे, खरा फोल्डर पुसताना तो जे करतो तेच लिंक पुसतानाही करतो. याबद्दल पुढे विस्ताराने लिहिले आहे.

सर्वांत सोपी आणि सुरक्षित मांडणी

लिंक आणि ती जिकडे नेते तो फोल्डर, दोन्ही एकाच शेअरच्या, म्हणजे साम्बाने दाखवलेल्या सामायिक जागेच्या, आत असतील तर साम्बाच्या मूळ सेटिंगमध्ये काहीही बदलावे लागत नाही. समजा शेअरची जागा /साठा/कंपनी ही आहे आणि तिच्या आत हंगाम-२०२४-२५ व हंगाम-२०२५-२६ असे फोल्डर आहेत. त्या जागी जाऊन पुढील आज्ञा द्यावी:

एलएन -एस हंगाम-२०२५-२६ चालू-हंगाम

येथे पत्ता मुद्दाम सापेक्ष ठेवला आहे, म्हणजे मुळापासूनचा पूर्ण मार्ग न लिहिता लिंक जेथे आहे तेथून पुढचाच मार्ग लिहिला आहे. पूर्ण मार्ग लिहिला तरी साम्बा तो उलगडतो, पण उद्या संपूर्ण शेअर दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर नेला की पूर्ण मार्गाच्या सगळ्या लिंक तुटतात आणि सापेक्ष लिंक मात्र जशाच्या तशा चालतात. सापेक्ष पत्ता हा लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तेथून मोजला जातो, आज्ञा देताना आपण जेथे उभे असतो तेथून नव्हे. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते. म्हणून आधी त्या फोल्डरमध्ये जावे आणि मगच आज्ञा द्यावी.

साम्बाची सेटिंग सामान्यतः /ईटीसी/साम्बा/ या फोल्डरमधल्या एसएमबी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये असते. आपल्या शेअरच्या भागात पुढील ओळी असाव्यात:

पाथ = /साठा/कंपनी
फॉलो सिमलिंक्स = येस
वाइड लिंक्स = नो

शेवटच्या दोन ओळी मूळ सेटिंगप्रमाणेच आहेत, तरीही मी त्या लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी दुसरा ही फाइल उघडेल तेव्हा हे ठरवून केलेले आहे हे त्याला कळावे. ‘फॉलो सिमलिंक्स’ म्हणजे लिंक उलगडायची की नाही, आणि ‘वाइड लिंक्स’ म्हणजे शेअरच्या हद्दीबाहेर नेणारी लिंक उलगडायची की नाही. बदल केल्यावर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा द्यावी; ती फाइलमधल्या चुका दाखवते. त्यानंतर ‘एसएमबीकंट्रोल ऑल रिलोड-कॉन्फिग’ दिले की सेवा बंद न करता नवी सेटिंग वाचली जाते. काट्यासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असताना सेवा बंद-चालू करण्याची वेळ येऊ नये, म्हणून ही आज्ञा पाठ असलेली बरी.

हंगाम बदलताना लिंक नव्या फोल्डरकडे वळवायची असते. त्यासाठी ‘एलएन -एसएफएन हंगाम-२०२६-२७ चालू-हंगाम’ अशी आज्ञा द्यावी आणि त्यातला शेवटचा ‘एन’ विसरू नये. तो नसेल तर जुनी लिंक तशीच राहते आणि नवी लिंक जुन्या हंगामाच्या फोल्डरच्या आत जाऊन बसते; चूकही दाखवली जात नाही आणि सगळे ठीक झाले असे वाटते. हे काम खरेदी बंद झाल्यावर संध्याकाळी करावे, कारण ज्या संगणकावर जुन्या फोल्डरमधली फाइल त्या क्षणी उघडी असेल तिथले काम जुन्याच फाइलमध्ये होत राहते.

शेअरच्या हद्दीबाहेर जायचे असेल तर

जुने हंगाम दुसऱ्या डिस्कवर ठेवले की प्रश्न उभा राहतो. शेअर आहे /साठा/कंपनी आणि जुने कागद आहेत /जुनीडिस्क/संग्रह येथे. लिंक केली तर सर्व्हरवर ती उघडते, पण विंडोजवर प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो. वाइड लिंक्स बंद असल्याचा हा परिणाम आहे.

येथे बहुतेक लोक ‘वाइड लिंक्स’ला येस करतात, तरीही ते चालत नाही, मग कुठेतरी वाचून ‘अलाउ इनसिक्युअर वाइड लिंक्स’ ही ओळ त्याच सेटिंग फाइलच्या सामान्य (ग्लोबल) भागात घालतात आणि काम झाले म्हणून थांबतात. माझा या मार्गाला विरोध आहे आणि त्याचे कारण सांगतो. साम्बामध्ये युनिक्स एक्स्टेन्शन्स नावाची एक सोय आहे. तिच्या आधारे लिनक्सवरचा वापरकर्ता दूर बसून शेअरमध्ये स्वतः सिमलिंक तयार करू शकतो, आणि त्या लिंकमध्ये त्याला हवा तो पत्ता लिहू शकतो. ही सोय चालू आहे आणि वाइड लिंक्सही चालू आहेत, असे दोन्ही एकत्र आले की शेअरमध्ये लिहिण्याची मुभा असलेला कोणीही सर्व्हरच्या मुळाकडे नेणारी लिंक करून शेअरशी काहीही संबंध नसलेल्या फाइल वाचू शकतो. २०१० साली हा धोका उघड झाला, तेव्हापासून वाइड लिंक्स मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवल्या जातात, आणि युनिक्स एक्स्टेन्शन्स चालू असतील तर आपण येस लिहिले तरी साम्बा वाइड लिंक्स स्वतःहून बंद करतो. ‘अलाउ इनसिक्युअर’ ही ओळ नेमके तेच संरक्षण काढून टाकते. तिच्या नावातच ती असुरक्षित असल्याचे सांगितलेले आहे, आणि ते शब्दशः घ्यावे. ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील आहेत तेथे ही ओळ असू नये.

यापेक्षा बाइंड माउंट ही पद्धत कितीतरी चांगली आहे. तिच्यात लिंक नसतेच. एक फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दिसेल अशी व्यवस्था कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः करतो, आणि साम्बाच्या दृष्टीने तो शेअरच्या आतला खरा फोल्डर असतो. आधी शेअरमध्ये ‘संग्रह’ नावाचा रिकामा फोल्डर करावा आणि मग ही आज्ञा द्यावी:

माउंट --बाइंड /जुनीडिस्क/संग्रह /साठा/कंपनी/संग्रह

सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही हे टिकावे म्हणून /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ घालावी. तिच्यात आधी मूळ जागा, मग शेअरमधली जागा, मग ‘नन’, मग ‘बाइंड’ आणि शेवटी दोन शून्ये असतात. ही ओळ जुन्या डिस्कच्या ओळीच्या खालीच असावी, कारण ती डिस्क आधी जोडली गेली पाहिजे.

वीज गेल्यावर काय होते

आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या वादळी पावसात वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि यूपीएसची बॅटरी जुनी झाली की सर्व्हरही बंद पडतो. एकदा वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण यूएसबीने जोडलेली दुसरी डिस्क वेळेत जागी झाली नाही. /जुनीडिस्क हा फोल्डर तेथे होता, पण तो पहिल्या डिस्कवरचा रिकामा फोल्डर होता. आतला संग्रह नाहीसा झालेला पाहून हिशेबनिसांनी मोठ्या तत्परतेने ‘संग्रह’ नावाचा नवा फोल्डर केला आणि दोन दिवसांचे कागद त्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी डिस्क जोडली गेली आणि ते दोन दिवसांचे कागद दिसेनासे झाले. ते पुसले गेले नव्हते. जोडलेल्या डिस्कच्या खाली झाकले गेले होते, आणि डिस्क सोडवल्यावर पुन्हा मिळाले. तोपर्यंतचा एक दिवस आम्हा सगळ्यांचा जिवाला घोर लागण्यात गेला.

यावर उपाय साधा आहे आणि तो पहिल्या दिवशीच करावा. डिस्क सोडवलेली असताना, त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ ही आज्ञा द्यावी. मग डिस्क जोडलेली नसेल तेव्हा त्या फोल्डरमध्ये रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही काही लिहिता येत नाही, आणि डिस्क जोडली की ही बंदी आड येत नाही, कारण तेव्हा दिसतो तो जोडलेल्या डिस्कचा फोल्डर असतो. शेअरमधल्या ‘संग्रह’ या रिकाम्या फोल्डरलाही बाइंड करण्यापूर्वी हीच आज्ञा द्यावी. शिवाय एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळख तिच्या यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, लिहावी. एसडीबी, एसडीसी ही नावे जोडण्याच्या क्रमानुसार बदलतात.

फाइलची लिंक करू नये

माझे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले. दरपत्रकाची एक एक्सेल फाइल ‘दर’ या फोल्डरमध्ये होती, आणि काट्यावरच्या व खिडकीवरच्या लोकांना ती त्यांच्या त्यांच्या फोल्डरमध्ये दिसावी म्हणून मी दोन्हीकडे त्या फाइलची सिमलिंक केली होती. पहिल्या दिवशी सगळीकडे एकच दर दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीवरच्या ताईंचा फोन आला. “भाऊ, दर तर मी सकाळीच बदलले, काट्यावर अजून कालचेच दिसून राहिले.” मी सर्व्हरवर जाऊन ‘एलएस -एल’ दिले. खिडकीच्या फोल्डरमध्ये काल ज्या नावापुढे बाण आणि मूळ फाइलचा पत्ता दिसत होता, तेथे आज बाण नव्हता. लिंकच्या जागी त्याच नावाची एक साधी, स्वतंत्र फाइल बसली होती.

याचे कारण एक्सेल आणि वर्ड फाइल जतन करतात त्या पद्धतीत आहे. ते मूळ फाइलमध्ये लिहीत नाहीत. आधी शेजारी एका तात्पुरत्या नावाने नवी फाइल पूर्ण लिहितात, मग जुनीचे नाव बदलतात, नवीला जुनीचे नाव देतात आणि शेवटी जुनी पुसतात. जतन करताना वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहावी यासाठी ही पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण नाव बदलले जाते आणि पुसले जाते ते लिंकचे. लिंक ज्या फाइलकडे नेते तिला काही होत नाही. म्हणून पहिल्याच जतनानंतर लिंक संपते, मूळ फाइल जुन्या मजकुरासह तशीच राहते आणि दोन वेगळ्या फाइल तयार होतात. ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी काही शेतकऱ्यांच्या पावत्यांवर जुना दर लागला, आणि त्यांना पुन्हा बोलावून फरक द्यावा लागला.

म्हणून नियम एकच ठेवावा: लिंक फोल्डरचीच करावी. दरपत्रक ज्या फोल्डरमध्ये आहे त्या संपूर्ण ‘दर’ फोल्डरची लिंक दोन्हीकडे केली की तात्पुरती फाइल, नाव बदलणे आणि पुसणे हे सगळे खऱ्या फोल्डरच्या आत घडते आणि लिंकला हात लागत नाही. जी फाइल कोणीच बदलणार नाही, जसे की कंपनीचे नोंदणीपत्र, तिची लिंक चालेल. तरी तेथेही मी आता फोल्डरच पसंत करतो.

पुसण्याचा धोका

लिनक्सवर सिमलिंक पुसली की फक्त लिंक जाते. विंडोजवर तसे होत नाही. वापरणाऱ्याने ‘चालू-हंगाम’ निवडून डिलीट दाबले की विंडोजच्या दृष्टीने तो भरलेला फोल्डर असतो, म्हणून तो आधी आत जातो, आतल्या फाइल एकेक करून पुसतो आणि शेवटी फोल्डर पुसायला येतो. तोपर्यंत हंगामाचे सगळे कागद गेलेले असतात. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेले विंडोजच्या रिसायकल बिनमध्येही जात नाही. ‘नकोशी लिंक काढून टाका’ असे फोनवरून कोणालाही सांगू नये. ते काम सर्व्हरवरूनच करावे.

लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची मालकी रूटकडे द्यावी आणि इतरांना त्यात लिहिण्याची परवानगी देऊ नये. युनिक्समध्ये एखादी गोष्ट पुसण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा अधिकार ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून ठरतो, त्या गोष्टीच्या स्वतःच्या परवानगीवरून नाही. त्यामुळे शेअरचा सर्वांत वरचा स्तर असा बंद केला की चुकून माउस ओढला गेला तरी लिंक शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडत नाही. सापेक्ष लिंक अशी हलली की ती तुटलीच म्हणून समजावे. याने आतल्या फाइल मात्र वाचत नाहीत, कारण त्या ज्या फोल्डरमध्ये आहेत तेथे लोकांना लिहिता येते. म्हणून संपलेल्या हंगामाच्या फोल्डरवर ‘सीएचमॉड -आर जी-डब्ल्यू’ देऊन गटाची लिहिण्याची परवानगी काढून टाकावी. त्या आज्ञेत ‘आर’ हे अक्षर तेवढे मोठे टाइप करावे.

चालू हंगामासाठी साम्बाचा रिसायकल मॉड्यूल लावता येतो. त्याने पुसलेल्या फाइल शेअरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये हलवल्या जातात. त्याची एक मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. हलवणे म्हणजे येथे नाव बदलणे असते, आणि नाव बदलून फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाऊ शकत नाही. म्हणून बाइंड माउंटने किंवा लिंकने दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर दाखवला असेल तर तिथली फाइल हलवण्याचा प्रयत्न फसतो आणि मॉड्यूल ती सरळ पुसून टाकतो. दुसऱ्या डिस्कवरच्या संग्रहाला परवानगी काढून घेणे हेच खरे संरक्षण आहे.

लिंक उघडत नसेल तर

आधी सर्व्हरवर ‘रीडलिंक -एफ’ देऊन लिंक शेवटी कुठे पोहोचते ते पाहावे. पत्ता बरोबर असेल तर ‘नेमआय -एल’ द्यावे. ही आज्ञा मार्गातल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दाखवते. मधल्या एखाद्याच फोल्डरवर आत जाण्याची, म्हणजे ‘एक्स’ची परवानगी नसली तरी पुढचे सगळे अडते, आणि लिंकच्या स्वतःच्या परवानग्या कितीही मोकळ्या दिसल्या तरी त्यांना अर्थ नसतो. फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यातील सर्व्हर असेल तर एसईलिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थेचे लेबलही पाहावे लागते: नव्या डिस्कवरच्या फोल्डरला ‘साम्बा_शेअर_टी’ हे लेबल नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही साम्बाला आत जाता येत नाही. लेबल ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नोंदवावे आणि ‘रिस्टोरकॉन’ने लावावे, नुसते तात्पुरते लावलेले लेबल पुढे कधीतरी निघून जाते.

तुटलेल्या सगळ्या लिंक एकदम शोधण्यासाठी ‘फाइंड /साठा/कंपनी -एक्सटाइप एल’ ही आज्ञा आहे. मी ती हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि डिस्क बदलली की एकदा चालवतो.

स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे नेणारी लिंक कधीही करू नये. लिनक्सवरची साधने लिंक ओळखून थांबतात, पण विंडोजवरचा शोध किंवा बॅकअपचा प्रोग्राम तिला फोल्डर समजून आत जातो, आत पुन्हा तोच फोल्डर पाहतो आणि मार्गाची लांबी संपेपर्यंत फिरत राहतो. विंडोजच्या रोबोकॉपी या प्रती उतरवणाऱ्या आज्ञेला जंक्शन (विंडोजची फोल्डर-लिंक) वगळण्याचा पर्याय दिला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण ती लिंक आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

कधी कधी विंडोजवर एक वेगळाच संदेश येतो: या प्रकारची सिम्बॉलिक लिंक बंद केलेली असल्यामुळे तिच्या मागे जाता येत नाही. असा संदेश आला तर समोरची लिंक साम्बाने उलगडलेली नाही. ती विंडोजची स्वतःची लिंक आहे, म्हणजे ‘एमकेलिंक’ने केलेली. या लिंक वाचणारा विंडोज संगणक स्वतः उलगडतो, आणि दूरच्या जागेवर असलेल्या लिंकच्या मागे जाणे त्याच्यात मुळात बंद असते. ‘एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी सिमलिंकइव्हॅल्युएशन’ने सद्यस्थिती दिसते आणि क्वेरीच्या जागी ‘सेट’ लिहून आर२आर व आर२एल, म्हणजे दूरच्या लिंकवरून दूरच्या व स्वतःच्या संगणकावरच्या जागेकडे जाणे, हे प्रकार चालू करता येतात. पण ते प्रत्येक संगणकावर प्रशासकाच्या अधिकाराने करावे लागते. चार संगणकांसाठीही मला हे करावेसे वाटत नाही. ती लिंक काढून सर्व्हरवर लिनक्सची लिंक करणे अधिक टिकाऊ ठरते.

आणखी एक प्रकार पाहण्यात आहे. लिनक्सच्या लॅपटॉपवरून हाच शेअर ‘एमएफसिमलिंक्स’ या पर्यायाने जोडून कोणी लिंक केली, तर विंडोजवर त्या नावाची बरोबर १०६७ बाइटची एक फाइल दिसते आणि ती नोटपॅडमध्ये उघडली की पहिल्या ओळीत एक्ससिम असे लिहिलेले असते. ती लिंकची नक्कल आहे. ती फक्त तशाच पद्धतीने जोडलेल्या संगणकांना समजते. लॅपटॉपवरून लिंक करायचीच असेल तर एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर आज्ञा देण्याच्या सोयीने, सर्व्हरवर जाऊन करावी.

बॅकअप घेताना

फाइलच्या प्रती उतरवणारा ‘आरसिंक -ए’ लिंकला लिंक म्हणूनच उतरवतो. बॅकअपची डिस्क एक्स्ट४ सारख्या लिनक्सच्या मांडणीची असेल तर हेच हवे असते, कारण ‘चालू-हंगाम’ आणि त्यामागचा खरा फोल्डर असे दोन वेळा सगळे उतरत नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी लेखापरीक्षकांकडे न्यायचा पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटचा असतो आणि त्यावर सिमलिंक राहूच शकत नाही. आरसिंक तिथे लिंक वगळतो किंवा चूक दाखवतो. अशा वेळी लिंक शेअरच्या आतल्याच फोल्डरकडे नेत असेल तर ती सोडून द्यावी, आणि केवळ लिंकमधूनच दिसणारे एखादे फोल्डर हवे असेल तर त्याच एका फोल्डरसाठी मोठ्या ‘एल’चा पर्याय द्यावा, म्हणजे लिंकच्या जागी खरा मजकूर उतरतो. पेन ड्राइव्ह देण्यापूर्वी तो खिडकीवरच्याच एखाद्या विंडोज संगणकात लावून दर आणि चुकाऱ्याच्या दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात.